‘पसरणे’ या क्रियापदाची नोंद : कामाच्या दिनांकवार नोंदी

३ मार्च २०२५

शालेय विद्यार्थी आणि नवोदित अनुवादक यांच्यासाठी आम्ही जो समानार्थी कोश तयार करीत आहोत, त्यातील ‘पसरणे’ या शब्दाची नोंद आज पुन्हा उघडावी लागली. गेल्या वर्षी मीच लिहिलेली ती नोंद एका ओळीची होती : पसरणे – अंथरणे, फैलावणे, विखुरणे, पांगणे, ताणणे, विस्तारणे. ज्या शिक्षिकेने कच्चा मसुदा नववीच्या वर्गात वापरून पाहिला, त्यांनी मुलांच्या वह्यांतील काही वाक्ये उतरवून पाठवली आहेत. ‘आजीने ओसरीवर सतरंजी विखुरली.’ ‘पाहुण्यांसाठी गाद्या फैलावल्या.’ ‘पोलिसांनी जमाव अंथरला.’ यात मुलांची चूक नाही. आम्ही सहा शब्द स्वल्पविरामांनी जोडून एका रांगेत बसवले आणि त्यांतला कोणताही शब्द कोणत्याही जागी चालेल असे न बोलता सांगितले. मुलांनी आमच्यावर विश्वास ठेवला. घरात मराठी बोलणाऱ्या मुलाला सतरंजी विखुरत नाही हे कळते, परंतु ज्यांच्या घरात दुसरी भाषा आहे आणि ज्यांना या कोशाची सर्वांत अधिक गरज आहे, त्यांना ते कळण्याचा दुसरा मार्ग नाही. नोंद नव्याने लिहायची असे ठरवले आहे.

५ मार्च २०२५

आजचा दिवस शब्दांची कुळे लावण्यात गेला. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती आणि दाते-कर्वे यांच्या संपादनाखाली १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत निघालेला महाराष्ट्र शब्दकोश ही दोन्ही साधने समोर ठेवली होती. पाणिनीय धातुपाठ, म्हणजे संस्कृत धातूंची अर्थांसह केलेली यादी, उघडल्यावर मात्र चित्र अधिक स्पष्ट झाले, कारण मराठीत आज शेजारी-शेजारी बसलेले हे शब्द तिथे एकमेकांपासून बरेच दूर उभे आहेत.

‘पसरणे’ हे ‘प्र’ उपसर्ग लागलेल्या ‘सृ’ धातूपासून, प्राकृतातील ‘पसरइ’ या रूपातून आले आहे, आणि ‘सृ’चा धातुपाठातील अर्थ आहे गती. म्हणजे ‘पसरणे’च्या मुळाशी पुढे सरकणे आहे. ‘अंथरणे’ हे ‘आस्तरण’ या शब्दाच्या कुळातले. त्यातील ‘स्तृ’ धातूचा अर्थ दिला आहे आच्छादन. ‘विस्तार’ आणि ‘पथारी’ हेही त्याच घरातले. ‘ताणणे’ हे ‘तन्’चे, ज्याचा अर्थच ‘विस्तार’ असा सांगितला आहे. ‘विखुरणे’ मागे नेले की ते ‘कॄ’ धातूपाशी पोहोचते, आणि त्याचा अर्थ विक्षेप, म्हणजे इकडेतिकडे फेकणे. आयुर्वेदात पक्ष्यांच्या एका वर्गाला ‘विष्किर’ म्हणतात, कारण ते पायांनी उकरून, विखरून खातात. कोंबड्या अंगणात दाणे कसे टिपतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला ‘विखुरणे’चा मूळ अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ ही म्हण आपण इतक्या वेळा ऐकतो की तिच्यात दोन वेगवेगळे धातू आहेत हे लक्षात येत नाही. अंथरूण झाकते, पाय पुढे सरकतात. ही दोन क्रियापदे उलटी करून ‘पाय अंथरावेत’ असे कोणी म्हणत नाही, आणि ज्या कोशात हे दोन शब्द समानार्थी म्हणून छापले आहेत तो ही म्हणही समजावून सांगू शकणार नाही.

‘अंथरूण-पांघरूण’ ही जोडी कानाला जुळी वाटते, पण ‘पांघरूण’ हे ‘प्रावरण’ या शब्दापासून आले असून त्यात ‘स्तृ’ नाही, ‘वृ’ आहे. नोंदीच्या तळटिपेसाठी हे ठेवून देत आहे.

९ मार्च २०२५

दोन दिवस आत्याच्या घरी गेले होते. उन्हाळी वाळवणाला सुरुवात झाली आहे आणि गच्चीवर कुरडयांचे काम चालले होते. मी मदत करीत होते, पण खरे म्हणजे ऐकत होते. आत्या म्हणाली, “अगं, आधी चादर नीट अंथर, चारी कोपऱ्यांवर दगड ठेव, मग कुरडया घाल. आणि ऊन उतरायच्या आत उचलायला ये.” दोन वाक्यांत तिने अंथरणे, घालणे आणि उचलणे ही तीन क्रियापदे वापरली आणि प्रत्येकाचे कर्म वेगळे ठेवले. चादर अंथरली, कुरडया अंथरल्या नाहीत. शेजारच्या काकूंनी तांदूळ उन्हात घातले होते, त्यावर हात फिरवून त्या म्हणाल्या, “जरा पसरून ठेवायला हवेत, ढिगाला ऊन लागत नाही.” तांदूळही अंथरले गेले नाहीत.

‘स्तृ’चा ‘आच्छादन’ हा अर्थ इथे माझ्यासमोर जिवंत उभा राहिला. अंथरण्यासाठी खाली काहीतरी झाकायचे असावे लागते आणि वर कोणीतरी किंवा काहीतरी येणार असावे लागते. चादरीखाली गच्ची आहे आणि चादरीवर कुरडया येणार आहेत, म्हणून चादर अंथरतात. कुरडयांवर ऊन सोडून दुसरे काही येणार नाही. सतरंजी, जाजम, चटई, घोंगडे या सर्वांना ‘अंथरणे’ का लागू पडते आणि धान्याला का नाही, याचे उत्तर कोणत्याही कोशातून मिळण्याआधी गच्चीवर मिळाले.

आणखी एक गोष्ट टिपून ठेवते. आत्याच्या घरी रात्री झोपायच्या वेळी कोणीही ‘अंथरूण अंथर’ असे म्हटले नाही. ‘गाद्या घाल’, ‘सतरंजी टाक’ असेच म्हणाले. गावाकडचे एक वृद्ध शेजारी ‘हातरूण’ म्हणतात, आणि गोव्याच्या कोकणीतही अंथरुणाला ‘हांतरूण’ म्हणतात. ‘घालणे’ आणि ‘टाकणे’ ही क्रियापदे इतकी सर्वसाधारण आहेत की समानार्थी कोश त्यांच्याकडे पाहत नाहीत, परंतु बोलणाऱ्याच्या तोंडी प्रत्यक्षात तीच असतात. नव्या नोंदीत त्यांना जागा मिळालीच पाहिजे.

१० मार्च २०२५

परतीच्या एसटीत आत्याचे ‘उचलायला ये’ मनात घोळत राहिले. पसरलेली गोष्ट पुन्हा मूळ जागी आणायची तर आपण काय करतो? कुरडया उचलतो. चटई गुंडाळतो. अंथरुणाची वळकटी करतो. तांदूळ गोळा करतो. मणी विखुरले तर वेचतो. क्रिया उलटी फिरवताना मराठी जे क्रियापद मागते, त्यावरून मूळ क्रियेचा स्वभाव ओळखता येतो. या पद्धतीला सध्या ‘परतीची कसोटी’ असे नाव देत आहे. उद्यापासून तिची तपासणी.

१५ मार्च २०२५

पाच दिवस प्रत्येक शब्द या कसोटीवर लावून पाहिला. जे हाती आले ते इथे सविस्तर लिहिते, कारण नोंदीचा गाभा हाच असणार आहे.

अंथरलेले गुंडाळतात, उचलतात किंवा त्याची वळकटी करतात. यातील प्रत्येक क्रियेत वस्तू अखंड राहते. ‘अंथरणे’ हे सदैव सकर्मक आहे, हेही याच्याशी जुळते : सतरंजी स्वतःहून अंथरत नाही, तिला अंथरणारा हात लागतो. डोंगरउतारावर हिरवळ अंथरली आहे असे जेव्हा लेखक लिहितो, तेव्हा त्याने निसर्गाला एक अदृश्य हात दिलेला असतो, आणि त्या वाक्याचे सौंदर्य तेवढ्यातच आहे. ‘हिरवळ पसरली आहे’ या वाक्यात तो हात नाही.

विखुरलेले वेचतात. विखुरण्यात वस्तू एक राहत नाही, तिचे सुटे घटक होतात, आणि परत आणायचे तर एकेक उचलावा लागतो. मोत्यांची माळ तुटली तर मोती विखुरतात. पण मोत्यांनी गच्च भरलेले ताट कोणी ओट्यावर रिकामे केले आणि मोती हाताने सारखे केले, तर ते पसरले. येथे योजना आहे, तेथे नाही.

पांगलेले जमवतात, आणि गुरे असतील तर वळतात. पांगणाऱ्यांना पाय असतात किंवा निदान चाल असते. गुरे पांगतात, जमाव पांगतो, पाखरे पांगतात, ढग पांगतात. फुटलेल्या बरणीतले लोणचे पांगत नाही. जमावाला दुसऱ्याने हाकलले तर ‘पांगवणे’. वहीत लिहिलेल्या ‘जमाव अंथरला’ या वाक्यासमोर आता कारणासह दुरुस्ती देता येईल.

विस्कटण्याचे मात्र तीन प्रकार निघाले, आणि हा शब्द माझ्या जुन्या नोंदीत नव्हताच. केस विस्कटले तर विंचरतात. घडी विस्कटली तर पुन्हा बसवतात. संसाराची घडीही विस्कटते आणि बसते. शेतात मात्र शेणखताचे ढीग मुद्दाम विस्कटतात, आणि ते परत गोळा करण्यासाठी नव्हे, तर मातीत मिसळण्यासाठी. पहिल्या दोहोंत विस्कटणे म्हणजे व्यवस्था मोडणे, तिसऱ्यात ते कामाचे एक पाऊल. शेतकरी कुटुंबातील विद्यार्थ्याला तिसरा अर्थ आधी माहीत असतो, शहरातल्याला पहिला. दोघांनाही दोन्ही मिळायला हवेत.

फैलावलेले आटोक्यात आणतात. साथ, आग, वणवा. आटोक्यात आणणे म्हणजे मूळ जागी परत नेणे नव्हे, पुढे जाऊ न देणे. ‘फैलावणे’मध्ये म्हणूनच एक अनिष्टतेची छटा राहते. साक्षरता फैलावली असे कोणी लिहीत नाही. साक्षरतेचा प्रसार होतो.

आणि ‘पसरणे’? याच्या परतीला एक क्रियापद नाही, अनेक आहेत. पंख पसरले तर मिटतात. पाय पसरले तर आखडून घेतात. खेळणी पसरली तर आवरतात. धुके पसरले तर विरते. ‘पसरणे’ हा या गटाचा प्रमुख शब्द का, याचे उत्तर यातच आहे : त्याच्यात वस्तूच्या स्वरूपाविषयी काहीच सांगितलेले नाही, फक्त जागा व्यापत पुढे सरकणे आहे, म्हणून तो सर्वांना चालतो आणि म्हणून इतर शब्द त्याला चालत नाहीत. ‘सतरंजी पसरली’ हे वाक्य चुकीचे नाही. ‘जमाव पसरला’ हेही नाही, अर्थ थोडा बदलतो इतकेच. उलट दिशेने मात्र वाट बंद आहे. माझ्या जुन्या नोंदीतील दोष नेमका हा होता की तिने एका दिशेच्या वाटेला दोन दिशांची वाट म्हणून दाखवले.

१८ मार्च २०२५

‘पसरणे’ आणि ‘पसरवणे’. सहसंपादकांचे म्हणणे होते की पहिले अकर्मक, दुसरे सकर्मक, एवढी टीप पुरे. ते पुरेसे नाही, कारण ‘पसरणे’ स्वतःच दोन्ही बाजूंनी चालते : ‘पाणी पसरले’ आणि ‘त्याने हात पसरले’. मग ‘पसरवणे’ कुठे लागते? बातमी, अफवा, विष, रोगजंतू, दुर्गंधी यांना. यांना एकदा कोणीतरी सुरुवात करून दिली की पुढचे त्या स्वतः करतात. याउलट हात, पाय, पदर, झोळी, पंख यांना ‘पसरणे’च शोभते, ते आपल्या देहाचे किंवा देहावरचे असतात आणि शेवटपर्यंत आपल्याच ताब्यात राहतात. ‘तिने पदर पसरला’ या वाक्यातील याचना ‘तिने पदर पसरवला’ म्हणताच नाहीशी होते आणि कपड्याची हालचाल उरते.

पदराच्या बाबतीत परतीची कसोटी एक सुंदर गोष्ट दाखवते. पसरलेला पदर आवरत नाहीत, त्यात काहीतरी पडण्याची वाट पाहतात. मिळाले की ते ‘पदरात पडले’. हाताच्या बाबतीत मात्र सावध राहायला हवे. ‘हात पसरणे’ म्हणजे मागणे, आणि ‘हात आखडता घेणे’ म्हणजे देण्यात काटकसर करणे. दिसायला एकमेकांच्या उलट, पण एक घेणाऱ्याचा हात आहे आणि दुसरा देणाऱ्याचा. ही जोडी विरुद्धार्थी म्हणून दिली जाऊ नये अशी ठळक सूचना टाकली आहे.

‘भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी’ या म्हणीतील ‘हातपाय पसरणे’ पुन्हा वेगळे. तिथे देह नाही, अतिक्रमण आहे. स्वतंत्र उपनोंद.

२२ मार्च २०२५

‘ताणणे’ या नोंदीत ठेवावे की काढावे, यावर आज दीर्घ चर्चा झाली आणि मी काढण्याच्या बाजूने मत दिले. ताणलेले सैल सोडतात. ताणण्यात वस्तू नवी जागा व्यापते खरी, परंतु तिच्या दोन्ही टोकांना बळ लागलेले असते आणि ते बळ गेले की ती मागे येते किंवा तुटते. ‘तुटेपर्यंत ताणू नये’ हे आपण उगाच म्हणत नाही. पसरण्यात असे ओढणारे बळ नसते. पैठणीच्या मागावर जे उभे धागे असतात त्यांना ताणा म्हणतात आणि आडवे ते बाणा. ताणा पसरलेला नसतो, ताणलेला असतो, आणि तो सैल पडला तर वीण बिघडते. संगीतातील ‘तान’ हीदेखील ‘तन्’चीच लेक. ‘ताणून देणे’ म्हणजे निवांत झोपणे, हा एकच प्रयोग ‘पसरणे’च्या अगदी जवळ येतो, कारण दमलेला माणूस ‘जरा पसरतो’ असेही म्हणतो. तेवढा प्रयोग या नोंदीत राहील. बाकी ‘ताणणे’ स्वतंत्र घरात जाईल.

सहसंपादकांची हरकत अशी की धातुपाठ स्वतः ‘तन्’चा अर्थ विस्तार असा देतो, मग आपण त्याला का वेगळे काढावे? हरकत वजनदार आहे. माझे उत्तर असे की कूळ शब्दाचे मागचे घर सांगते आणि आम्ही मुलांना आजचा पत्ता द्यायला निघालो आहोत.

२६ मार्च २०२५

तत्सम नामे आज एका बैठकीत आटोपली. प्रसार, प्रसारण, प्रसरण ही तिन्ही एकाच ‘प्र + सृ’ची, पण त्यांची कामे ठरून गेली आहेत : शिक्षणाचा प्रसार होतो, आकाशवाणीवरून प्रसारण होते, आणि धातू तापला की प्रसरण पावतो. प्रसरणाच्या उलट आकुंचन. विस्ताराच्या उलट संकोच. पण बोलण्यात वा लिहिण्यात विस्तार केला असेल तर त्याच्या उलट ‘थोडक्यात’.

लेखनाविषयी एक टीप : ‘अंथरूण’मध्ये रू दीर्घ, परंतु ‘अंथरुणावर’, ‘अंथरुणाची’ या रूपांत तो ऱ्हस्व होतो. ‘पांघरूण’ – ‘पांघरुणात’ तसेच. मुद्रितशोधकाला वेगळे कळवले आहे, कारण पहिल्या मसुद्यात हे चार ठिकाणी चुकले होते.

३ एप्रिल २०२५

पाडव्याच्या निमित्ताने सिंधुदुर्गातील मामाशी फोनवर बोलणे झाले आणि नोंदीत किनाऱ्याची भर पडली. मी विचारले की जाळे पसरतात ना? ते म्हणाले, “जाळं टाकतात गो, पसरतात कशाला?” रापणीचे त्यांनी वर्णन केले : दोराचे एक टोक किनाऱ्यावर राहते, होडी जाळे घेऊन समुद्रात अर्धवर्तुळाकार फिरून पुन्हा किनाऱ्याला लागते, आणि मग दोन्ही बाजूंनी माणसे रापण ओढतात. ‘जाळे पसरणे’ हा प्रयोग लिखित मराठीत सर्रास आढळतो, पण तो रस्त्यांच्या, शाखांच्या किंवा हेरांच्या जाळ्याविषयी. ज्यांच्या हाती खरे जाळे असते ते तो शब्द वापरताना मला आढळले नाहीत. सुकवण्याच्या बाबतीतही असाच भेद आहे. बोंबील टांगून सुकवतात, जवळा जमिनीवर पसरून. माशाच्या आकाराने क्रियापद ठरते.

रूढ प्रयोग म्हणून ‘जाळे पसरणे’ नोंदीत राहील, मात्र ‘लाक्षणिक’ अशा खुणेसह.

८ एप्रिल २०२५

नवा मसुदा त्याच शिक्षिकेने वर्गात वापरला. सतरंजी आता अंथरली जाते आहे, आणि मला त्याचा मनापासून आनंद झाला. पण एका विद्यार्थिनीने विचारलेल्या प्रश्नाने कसोटीची मर्यादाही उघड केली : “मोगऱ्याचा वास पसरला, तर तो परत कसा आणायचा?” वास परत आणता येत नाही. तो विरतो. अफवाही परत घेता येत नाही, फार तर तिला आळा घालता येतो. कागदावर शाई फुटली तर ती फुटलीच. टीपकागद आधी लावायचा असतो.

दिवसभर याचा विचार केला. हा कसोटीचा पराभव आहे असे मला वाटत नाही, मात्र मी ती अर्धवट मांडली होती. काही पसरण्यांना परत नाही, आणि मराठी त्यांच्यासाठी बहुधा वेगळे क्रियापद राखून ठेवते : वास दरवळतो, शाई फुटते, रानवेल फोफावते. दरवळलेल्या वासाला आवरण्याचे क्रियापद भाषेने घडवलेच नाही. नोंदीत आता ‘परत येणारे’ आणि ‘परत न येणारे’ असे दोन गट केले आहेत आणि विद्यार्थिनीचा प्रश्न जसाच्या तसा चौकटीत घेण्याची परवानगी शिक्षिकेमार्फत मागितली आहे.

१४ एप्रिल २०२५

परवानगी मिळाली. नोंद आज मुद्रितशोधकाकडे गेली. एका ओळीची होती, ती पावणेदोन पानांची झाली आहे. सहसंपादकांना लांबी खटकते. प्रत्येक नोंद इतकी मोठी केली तर कोश कधीच पूर्ण होणार नाही, हे त्यांचे म्हणणे मला मान्य आहे, आणि प्रत्येक नोंदीला इतकी जागा लागणारही नाही. पण ज्या क्रियापदाभोवती घर, शेत, किनारा, माग आणि म्हणी इतक्या दाटीने उभ्या आहेत, त्याला एक ओळ देणे मला यापुढे जमणार नाही.

शेवटची तपासणी करताना ‘सडा’ राहिला होता हे लक्षात आले. प्राजक्ताच्या फुलांचा सडा पडतो, अंगणात शेणाचा सडा घालतात. नाम असले तरी पसरण्याच्या कुटुंबातील, म्हणून शेवटच्या क्षणी दोन ओळी घातल्या. पडलेला सडा वेचतात, घातलेला वाळू देतात.

परतीच्या बाजूची क्रियापदे, आवरणे, वेचणे, मिटणे, वळणे, विरणे, या नोंदीत केवळ खूण म्हणून आली आहेत आणि त्यांच्या स्वतःच्या नोंदी अजून जुन्याच, एका ओळीच्या आहेत. नव्या नोंदीतून तिकडे जाणारा वाचक तिथे पुन्हा स्वल्पविरामांच्या रांगेत अडकेल. ‘आवरणे’चे काम उद्या सुरू करते.